आधी तरंगू द्या, मग रंगवा

अंबरनाथच्या एका वाचक बांधवांचे पत्र आले आहे. त्यांनी व त्यांच्या दोन मित्रांनी रविवारी गळ टाकायला म्हणून एक जुनी लाकडी होडी विकत घेतली आहे. ती कमी खर्चात, घरच्या घरी कशी सुधारावी, असे ते विचारतात. रंग कोणता द्यावा, बसायला गादी कशी करावी आणि उन्हासाठी छत्री कशी बसवावी, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. तिन्हींची उत्तरे आम्ही देणार आहोत, पण शेवटी. कारण याच तीन कामांवर आम्ही आमचे पैसे आधी खर्च केले आणि त्यापायी एका पोराचा जीव जाता जाता वाचला.

आमचे घर उल्हासनगर कॅम्प नं. ३ मध्ये. ज्या उल्हास नदीवरून १९४९ साली या छावणीला नाव मिळाले, ती आमच्या घरापासून फार लांब नाही. पण आमच्या मुलांना ठाऊक असलेली नदी म्हणजे वालधुनी, नाकाला रुमाल लावून ओलांडायची. म्हणून गल्लीतल्या आम्ही चौघांनी वर्गणी काढली, कल्याणच्या खाडीकडून चौदा फुटी जुनी होडी आणली आणि मुरबाड रोडवर कांब्याच्या पुढे, ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या बांधालगत नदीकाठी ठेवली. निळा रंग दिला. पाटावर गाद्या केल्या. मध्ये छत्रीचा दांडा बसवला. पोरे हरखून गेली.

जानेवारीतला रविवार होता. पाणी संथ, ऊनही कोवळे. शेजारच्या भाऊंचा चौदा वर्षांचा पुतण्या बरोबर होता. त्याच्या गळाला मासा लागला आणि तो बघायला आम्ही सगळे एकदम एकाच बाजूला झुकलो. वरून छत्रीत वारा भरला. होडीचा काठ पाण्याखाली गेला आणि बघता बघता होडी भरली. पोराला पोहता येत नव्हते. तो एकदा खाली गेला. वर आला तेव्हा त्याच्या हाताला आमिषाचा डबा लागला. गोडेतेलाचा पाच लिटरचा प्लास्टिकचा रिकामा डबा, सुदैवाने झाकण घट्ट लावलेला. त्याला मिठी मारून तो तरंगत राहिला आणि भाऊंनी त्याला काठाला ओढले. आमच्या रंगाने, गादीने, छत्रीने त्याला वाचवले नाही. फुकटच्या डब्याने वाचवले.

संध्याकाळी त्याची आई दारात उभी होती. ती भाऊंना एवढेच म्हणाली, “भाऊजी, नाव सजवली तुम्ही. पण बुडाली तर काय, हे चौघांतल्या एकालाबी सुचलं नाही?” उत्तर आमच्यापाशी नव्हते. त्यानंतर दोन महिने होडी उलटी करून ठेवली आणि सगळे काम पहिल्यापासून केले. ते कसे केले, ते क्रमाने सांगतो.

पहिले काम गळतीचे. होडी सावलीत, विटांवर उलटी ठेवून दोन-तीन आठवडे चांगली वाळू द्यावी. जुना रंग व डांबर खरवडावे. फळ्यांच्या फटींत सुती वात बोथट पटाशीने ठासावी आणि वरून राळ व तेल कढवून केलेले भरण किंवा लाकडाची लांबी भरावी. वात अति घट्ट ठासू नये. लाकूड पाण्यात फुगते आणि जागा नसली तर फळीच सांध्यातून सरकते. राळ कढवताना मुलांना दूर ठेवावे व चूल घराबाहेर मांडावी. एखादी फळी तडकली असेल तर तिथे फायबरचे कापड व रेझिन लावता येते. पण लाकूड कोरडे आणि उघडे हवे. ओल्या किंवा डांबर लागलेल्या लाकडाला रेझिन धरत नाही, पापुद्रा सुटून येतो. रेझिनमध्ये घालायचे हार्डनर डोळ्यांना फार घातक असते. चष्मा व हातमोजे घातल्याशिवाय त्याला हात लावू नये.

दुसरे काम सर्वांत महत्त्वाचे, हवेच्या डब्यांचे. होडी भरली तरी ती तळाला जाऊ नये आणि धरून राहायला उपयोगी पडावी, यासाठी तिच्यात बंद हवा पाहिजे. हिशेब शाळेत शिकलेल्या आर्किमिडीजचाच आहे. एक लिटर बंद हवा पाण्यात साधारण एक किलो वजन उचलून धरते. माणूस पाण्यात असतो तेव्हा त्याच्या अंगाचा बहुतेक भार पाणीच पेलते. डोके वर ठेवायला थोडाच आधार लागतो, म्हणून तर पाच लिटरच्या डब्याने पोरगा तरला. पण घाबरलेला माणूस अर्धे अंग पाण्याबाहेर काढू पाहतो. म्हणून आम्ही माणशी दहा किलो धरले. चौघांचे चाळीस, नांगर व सामानाचे दहा, असे पन्नास. त्याची दुप्पट शंभर. म्हणजे वीस लिटरचे पाच डबे. भंगारवाल्याकडून ते आम्हाला शंभर-शंभर रुपयांना पडले. झाकणाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून झाकण आवळावे. मग डबा बादलीत दाबून बुडबुडे येतात का ते पाहावे. डबे मिळाले नाहीत तर कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या पन्नास बाटल्या जाळ्याच्या पिशव्यांत भरून तेच काम होते.

एक मोठा ड्रम का नको, असे कोणी विचारील. ड्रम फुटला की सगळेच गेले. पाचांपैकी एक डबा गळला तर चार उरतात. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, तेव्हा सुमारे १०५० प्रवाशांना बाहेर काढायला रबरी बोटी आल्या होत्या, हे आपल्याकडच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. अशा बचावाच्या बोटींत हवेचे कप्पे वेगवेगळे असतात, ते याचसाठी. अमेरिकेत एका कारखानदाराने दोन कवचांच्या मध्ये फोम भरलेली छोटी बोट बनवली आणि १९६१ साली ‘लाइफ’ मासिकासाठी ती पाण्यातच करवतीने मधोमध कापून दाखवली. अर्धी बोटही त्याला घेऊन तरंगत राहिली. तो फोम आपल्या ऐपतीचा नाही, पण त्यामागचे तत्त्व आपल्या पाच डब्यांत आहे. थर्माकोल वापरायचा झाल्यास प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून वापरावा. तो झिजतो आणि रेझिन किंवा पेट्रोल लागले की विरघळतो.

आता आमची दुसरी चूक सांगतो. आम्ही ते पाच डबे होडीच्या तळाला, मधोमध ओळीने बांधले. मार्चमध्ये कमरेइतक्या पाण्यात होडी नेऊन मुद्दाम काठोकाठ भरली. ती बुडाली नाही, पण एकाने काठ धरताच गर्रकन उलटी झाली. कारण सोपे आहे. हवा वर येऊ पाहते. ती तळाला बांधली तर तळच वर येतो. मग डबे सोडले. दोन-दोन दोन्ही बाजूंना पाटांखाली, काठाच्या जितके जवळ व जितके वर बसतील तितके बांधले. पाचवा पुढच्या टोकाला, ज्याला नाळ म्हणतात तिथे ठेवला. नायलॉनच्या दोरीने प्रत्येक डबा दोन ठिकाणी आवळला. पुन्हा होडी भरली. या वेळी चौघे काठ धरून लोंबकळलो, तरी ती सरळ राहिली. पोराची आई काठावर बसून हे सगळे पाहत होती. ती म्हणाली, “आता पाणी उपसून दाखवा.” तेही करून दाखवावे लागले.

वाचक बांधवांनो, ही परीक्षा उथळ पाण्यात घेतल्याशिवाय होडी खोल पाण्यात नेऊ नका.

तिसरे काम लहानसहान पण बांधून ठेवायच्या वस्तूंचे. पाच लिटरचा डबा मुठीकडची बाजू ठेवून तिरका कापला की पाणी उपसायला उत्तम साधन होते. तो दोरीने पाटाला बांधावा. सळईचे चार तुकडे वाकवून पाइपच्या तुकड्याला वेल्डिंग करून घेतले की नांगर तयार. नांगराची दोरी पाण्याच्या खोलीच्या किमान पाचपट असावी. नांगर नेहमी पुढच्या टोकालाच बांधावा. मागे बांधला तर प्रवाहाचे पाणी मागच्या बुटक्या काठावरून आत येते. आपल्या नदीत जलपर्णीचे तराफेच्या तराफे वाहत येतात. नांगरलेल्या होडीवर असा तराफा येऊन अडला तर दोरी ताणून होडी दाबली जाते. म्हणून गाठ एका झटक्यात सुटणारी असावी आणि हाताशी सुरी असावी. भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेले पाणी या नदीत येते, त्यामुळे पाऊस नसतानाही पातळी हलते. दोरीला ढील ठेवावी. वल्ह्यांच्या खुंट्यांना सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळाव्यात. आवाज होत नाही, लाकूडही झिजत नाही.

लाइफ जॅकेट मात्र घरी शिवू नये. इथे काटकसर नको. पाकिटावर किंवा आतल्या पट्टीवर आधाराचा आकडा पाहावा. ५० आकड्याचे पोहणाऱ्यासाठी, १०० किंवा त्याहून वरचे न पोहणाऱ्यासाठी. जितकी माणसे तितकी जॅकेटे, आणि ती पाटाखाली नव्हे, अंगात.

आता तीन प्रश्न. रंग भगभगीत पिवळा किंवा नारिंगी द्यावा, लांबून दिसतो. आतल्या तळाला रंग ओला असताना चाळलेली बारीक रेती भुरभुरावी, पाय घसरत नाही. गादीसाठी आपल्याकडे जीन्सच्या कारखान्यांची कात्रणे स्वस्तात मिळतात. त्यांची खोळ शिवून आत पॅकिंगचा पांढरा फोम भरावा. पोराच्या आईने आमच्या गाद्या अशाच शिवून दिल्या आणि प्रत्येकीला धरायला दोरीचा फास लावला. छत्री बसवू नये. टोपी घालावी. छत्री हे शीड आहे, हे आम्ही शिकून चुकलो आहोत.

दोन गोष्टी शेवटी. धरणाच्या पाण्यावर परवानगीशिवाय होडी घालू नये. तळ्यांचा व जलाशयांचा मासेमारीचा ठेका बहुधा मच्छिमार सहकारी संस्थेकडे असतो. त्यांच्या पोटावर पाय देऊन आपली करमणूक नको. आणि जून ते सप्टेंबर होडी काठावर, उलटी. २६ जुलै २००५ ला ही नदी किती चढू शकते, हे आपल्या सगळ्यांना दिसले आहे. त्या पाण्यात पाच डब्यांचा हिशेब चालत नाही.

आमचा पुतण्या या हिवाळ्यात पुन्हा होडीत बसला. आधी तो पोहायला शिकला. तीच त्याच्या आईची अट होती. अंबरनाथच्या बांधवांनी परीक्षा घेतल्यावर काय झाले, ते दोन ओळींत जरूर कळवावे.