तेल गेले, फाइल राहिली

पीएफएएस रसायनांचे उत्पादन २०२५ अखेर बंद करणार, हे थ्रीएमने डिसेंबर २०२२ मध्येच जाहीर केले होते. तीन वर्षे हाती होती. ती आपण कशी घालवली, ते या महिन्याच्या टपालात दिसते. थ्रीएमचेच नोव्हेक ७५००, पेशी थेंबांत कोंडायचे आपले तेल, आता कुठे मिळेल? कुणाकडे अर्धी बाटली शिल्लक आहे का? एफसी-४० वर भागेल का? (ते तेलही थ्रीएमचेच, महाराज.)

एका वाचकाने आपली सगळी खरेदी-फाइलच धाडली आहे. इंडेंटवर लिहिले होते, ‘हायड्रोफ्लुरोइथर तेल, नोव्हेक ७५०० किंवा समतुल्य’. परचेसने आधी जेम या सरकारी खरेदी-पोर्टलवर शोध घ्यायला लावला. तिथे वंगणे निघाली. ती का चालणार नाहीत, याचा लेखी खुलासा मागवला. मग तीन कोटेशने, तुलनातक्ता, एल-१ (म्हणजे सर्वांत कमी दर). शेवटी बाटली आली ती ७१०० ची. तीही हायड्रोफ्लुरोइथर, तीही रंगहीन, शिवाय स्वस्त. फरक एवढाच की ७५०० चा उत्कलनबिंदू १२८ अंश आणि ७१०० चा ६१. इनक्युबेटरमध्ये ३७ अंशांवर रात्रभर ठेवलेले इमल्शन सकाळपर्यंत आटले, थेंब एकमेकांत मिसळले आणि एकेकट्या कोंडलेल्या पेशींची खिचडी झाली. तक्रारीवर शेरा पडला: ‘पुरवठा इंडेंटनुसार आहे.’

आता केंद्र सरकारचा जून २०२५ चा आदेश बघा. कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर, खरेदी समितीची पंचवीस लाखांपर्यंत, आणि संशोधनाच्या खास सामग्रीसाठी जेमबाहेर जाण्याची मुभा संस्थाप्रमुखांना. आपली बाटली दोन लाखांच्या जवळपासही जात नाही. तरीही जेमचा अनुपलब्धता अहवाल जोडल्याशिवाय फाइल हलत नाही, कारण ‘ऑडिट विचारेल’. ऑडिटने काय विचारायचे हेच ज्या आदेशाने बदलले, तो आदेश परचेसच्या टेबलावर पोचायला आणखी किती महिने हवेत? संचालकांनी एका ओळीचे कार्यालयीन पत्रक काढले तर काम होते. ते काढून घेणे हे प्रयोगशाळाप्रमुखांचे काम आहे, पीएचडीच्या विद्यार्थ्यांचे नव्हे.

पण ‘किंवा समतुल्य’ हे शब्द परचेसने घातलेले नाहीत, आपणच घातले. समतुल्य काय ते पेशी ठरवतात. इंडेंटवर सीएएस क्रमांक लिहा: २९७७३०-९३-९. उत्कलनबिंदू लिहा, स्निग्धता लिहा (०.७७ सेंटिस्टोक, ७१०० ची याच्या निम्मी, म्हणजे पंपाचा तोच प्रवाह ठेवूनही थेंबाचा आकार बदलणार). लॉटचे विश्लेषणपत्र मागा. आणि स्वीकृतीची अट घाला: आमच्या सर्फॅक्टंटसह ३७ अंशांवर २४ तास, थेंबांचा व्यास आणि जिवंत पेशींचे प्रमाण जुन्या लॉटच्या बरोबरीचे. सर्फॅक्टंटबद्दलही हेच. पीईजी न जोडलेले पीएफपीई आम्ल त्यात उरले तर पेशी फुटतात, हे २००८ पासून छापील आहे. तरी आमच्याकडे येणाऱ्या लेखांत ‘जैवसुसंगत सर्फॅक्टंट वापरला’ एवढेच असते. टक्केवारी नाही, लॉट नाही. असे लेख यापुढे परत जातील.

अल्जिनेटचे मणी करणाऱ्यांनी मात्र या रांगेतून बाजूला व्हावे. मणी गोठला की काही मिनिटांत पेशी तेलातून माध्यमात जाते. तेवढ्यासाठी फ्लुरोतेलच कशाला? ज्यांना थेंबातच दिवसेंदिवस पेशी वाढवायच्या आहेत, त्यांना पर्याय नाही. (लॅम्डा, म्हणजे थेंबामागे सरासरी पेशी, ०.१ ठेवली की दहातले नऊ थेंब रिकामे, म्हणजे बहुतेक तेल रिकामे थेंब वाहण्यातच जाते. परचेसला हे कळू देऊ नका.)

इतर उत्पादकांचे तेच रेणू बाजारात आहेत. तेही कायमचे धरू नका. युरोपातल्या पाच देशांनी २०२३ मध्ये पीएफएएसवर व्यापक निर्बंधांचा प्रस्ताव मांडला आहे. ते निर्बंध येईपर्यंत प्रत्येकाने वेगळी बाटली मागवून वेगळी फसगत करून घेण्यात काय हशील? पुण्या-मुंबईच्या गटांनी चाचण्या वाटून घ्याव्यात. तेल, उत्पादक, लॉट, सर्फॅक्टंटचे प्रमाण, पेशींची जात, २४ तासांनंतरची जिवंत टक्केवारी: एवढे सहा रकाने भरून २५ तारखेच्या आत पाठवा. फसलेले लॉट आधी पाठवा, ते पहिल्या पानावर छापू.