करार एका हंगामाचा, शिक्षण जन्माचे



यंदा शाळेकडे दोन मागण्या एकदमच आल्या आहेत. काही पालकांचे म्हणणे असे की, दहावीच्या वर्गाचा खेळाचा तास बंद करून तो गणिताला द्यावा. दुसऱ्या काही पालकांचे म्हणणे नेमके उलट आहे. मुलगा बास्केटबॉलमध्ये चमकू लागला आहे, तेव्हा त्याला वर्गातून सूट द्यावी, अभ्यासाचे पुढे बघता येईल, असे ते म्हणतात. दोन्ही मागण्या मुलांच्या काळजीतूनच आलेल्या आहेत, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. परंतु दोन्हींच्या मुळाशी समज एकच आहे की, खेळ आणि अभ्यास ही तराजूची दोन पारडी असून एक वर गेले की दुसरे खाली जाणारच. हा समज आम्हांस मान्य नाही. ज्या देशात बास्केटबॉल जन्मला त्या देशातला खेळाडू शिकतो कसा आणि पुढे पोट भरतो कसा, हे पाहिले म्हणजे आमचे म्हणणे पटेल असे वाटते.

हा खेळ मुळात एका शिक्षकाने शोधला. अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथे जेम्स नेस्मिथ हे व्यायामशिक्षक होते. हिवाळ्यात मुलांना बाहेर खेळता येत नसे. खोलीत खेळता येईल असा एखादा खेळ काढा, असे त्यांना वरिष्ठांनी सांगितले. डिसेंबर १८९१ मध्ये त्यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला टांगल्या आणि तेरा नियम लिहून भिंतीवर लावले. त्या टोपल्या दहा फुटांवर होत्या. आजही रिंगची उंची दहा फूटच आहे. खेळ शाळा-कॉलेजांतून वाढला आणि अमेरिकेत आजही खेळाडूच्या वाटचालीत कॉलेजचा टप्पा महत्त्वाचा मानला जातो.

तेथे पहिल्या श्रेणीच्या कॉलेज संघात खेळायचे असेल, तर माध्यमिक शाळेत सोळा मुख्य विषय-अभ्यासक्रम पुरे करावे लागतात आणि त्यांत ठरलेली गुणसरासरी राखावी लागते. कॉलेजात गेल्यावरही सुटका नाही. दुसरे वर्ष संपेपर्यंत पदवीचा चाळीस टक्के भाग, तिसरे संपेपर्यंत साठ टक्के आणि चौथे संपेपर्यंत ऐंशी टक्के भाग पुरा झाला नाही, तर खेळाडूला संघाबाहेर बसावे लागते. पूर्वी कॉलेज खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे पैसे घेता येत नसत. २०२१ पासून आपल्या नावावर जाहिरातीतून कमाई करता येते आणि २०२५ पासून कॉलेजेही थेट पैसे देऊ लागली आहेत. पैसा आला, पण वर्गाची अट राहिली. 'खेळतो म्हणून वर्गातून सूट द्या' असे म्हणणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे.

आता विद्यार्थ्यांनी एक सोपे गणित करून पाहावे. पहिल्या श्रेणीत पुरुषांचे साडेतीनशेहून अधिक कॉलेज संघ आहेत. एका संघात तेरा खेळाडू धरले, तर साडेचार हजारांवर खेळाडू होतात. त्यांतील चौथा हिस्सा दरवर्षी कॉलेज संपवतो असे धरले, तरी हजारावर मुले बाहेर पडतात. एन.बी.ए. या तेथील सर्वांत मोठ्या लीगमध्ये संघ तीस आणि प्रत्येक संघात पक्क्या कराराचे खेळाडू पंधरा, म्हणजे जागा साडेचारशे. त्याही बहुतेक भरलेल्या असतात. दरवर्षीच्या निवडीत, ज्याला तेथे ड्राफ्ट म्हणतात, साठाच्या आसपास नावे पुकारली जातात आणि त्यांतही परदेशी मुले असतात. मग उरलेल्यांनी जायचे कुठे?

त्यांतील अनेकजण बॅग भरून परदेशी जातात. इटली, स्पेन, तुर्कस्तान, ग्रीस, जर्मनी, चीन, फिलिपाइन्स अशा कितीतरी देशांत व्यावसायिक लीग आहेत. काइल हाइन्स या खेळाडूचेच पाहा. २००८ मध्ये उत्तर कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथील कॉलेजातून तो बाहेर पडला. उंची सहा फूट सहा इंच. आपल्याला ही उंची थोर वाटेल, पण रिंगखाली खेळणाऱ्यास तेथे ती कमीच. ड्राफ्टमध्ये त्याचे नाव कोणी पुकारले नाही. तो इटलीतील वेरोली या छोट्या गावाच्या संघात गेला आणि तोही दुसऱ्या श्रेणीत. दोन वर्षांनी जर्मनीत बांबर्गच्या संघात गेला व तेथे विजेतेपद मिळवले. मग ग्रीसचा ऑलिंपियाकोस, मग मॉस्कोचा सी.एस.के.ए. आणि शेवटी मिलान. युरोपातील सर्वांत मानाची युरोलीग स्पर्धा त्याच्या संघांनी २०१२, २०१३, २०१६ आणि २०१९ अशी चार वेळा जिंकली. २०२४ मध्ये तो निवृत्त झाला. सोळा हंगाम, चार देश आणि एन.बी.ए.चा अधिकृत सामना एकही नाही! अशा माणसाला अयशस्वी कोण म्हणेल?

मात्र हाइन्ससारखे थोडे. बाकीच्यांचे जिणे उद्यमबागेतल्या पालकांना आम्ही समजावून सांगण्याची गरज नाही. फौंड्रीत आणि मशीन शॉपमध्ये 'कायम' आणि 'काँट्रॅक्ट' या दोन शब्दांत केवढे अंतर असते, ते आपण रोज पाहता. परदेशी खेळणारा बहुतेक खेळाडू हा काँट्रॅक्टवरचाच कामगार असतो. करार बहुधा एका हंगामाचा, कधी काही महिन्यांचाच. गुडघा दुखावला किंवा संघ हरू लागला, की जागी दुसरा माणूस उभा. अनेक देशांत परदेशी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा असते, त्यामुळे घेतलेल्या माणसाने पहिल्या सामन्यापासून गुण मिळवून द्यावेत अशी अपेक्षा असते. पगार थकण्याचे प्रकारही होतात. अशा तंट्यांसाठी जागतिक बास्केटबॉल महासंघाने २००७ मध्ये एक लवादच स्थापन केला. आणखी एक गंमत विद्यार्थ्यांसाठी सांगतो. एका देशातून दुसऱ्या देशात खेळायला जाताना जुन्या देशाच्या महासंघाकडून ना-हरकत पत्र आणावे लागते. आपण शाळा बदलताना टी.सी. काढतो, तसेच हे. टी.सी. नाही तर प्रवेश नाही!

या भटकंतीत कुटुंबही ओढले जाते. जो ब्रायंट हा ला सॅल कॉलेजचा खेळाडू एन.बी.ए.त आठ हंगाम खेळून १९८४ मध्ये इटलीत खेळायला गेला. त्याचा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. तो तेथल्या मुलांत वाढला आणि इटालियन सफाईने बोलू लागला. तो मुलगा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेला कोबी ब्रायंट. नवी भाषा शिकल्याने त्याचा खेळ मागे पडला नाही.

भाषेचा हा मुद्दा आपल्या सीमाभागात फार महत्त्वाचा आहे. आपला विद्यार्थी घरी आणि शाळेत मराठी बोलतो. जिल्ह्याच्या वा राज्याच्या संघात गेला, की प्रशिक्षकाच्या सूचना कन्नडमध्ये येतात. राष्ट्रीय शिबिरात हिंदी चालते आणि पुढे कधी करार झालाच, तर तो इंग्रजीत असतो. आमचे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. आज आम्ही या मराठी शाळेचे काम मराठीत पाहतो आणि खात्याची परिपत्रके कन्नडमध्ये वाचतो. त्याने आमचे मराठी उणे झाले असे आम्हांस वाटत नाही. कन्नडचा तास खेळाडू मुलांनी तरी बुडवू नये, एवढे सांगणे आहे.

शिक्षण आणि खेळ दोन्ही शिखरे गाठणारेही आहेत. बिल ब्रॅडली हा प्रिन्स्टन विद्यापीठाचा विद्यार्थी १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक विजेत्या संघात होता. पदवीनंतर न्यूयॉर्कचा संघ त्याला घ्यायला तयार असताना तो आधी ऑक्सफर्डला शिकायला गेला. शिकता शिकता मिलानच्या संघाकडून खेळला आणि १९६६ मध्ये तो संघ युरोपचा विजेता झाला. मग तो न्यूयॉर्ककडून दहा वर्षे खेळला, दोन विजेतेपदे मिळवली आणि निवृत्तीनंतर १९७९ पासून अठरा वर्षे अमेरिकेच्या सिनेटचा सदस्य होता.

मुलींनीही हे आपल्यासाठी नाही असे समजू नये. अमेरिकेतील महिला खेळाडू कित्येक वर्षे उन्हाळ्यात मायदेशी आणि हिवाळ्यात रशिया, तुर्कस्तान येथे खेळत आल्या, कारण तेथे मोबदला जास्त मिळे. २०१५ मध्ये डायना तौरासी हिने मायदेशातला पूर्ण हंगाम सोडला, कारण विश्रांती घेण्यासाठी तिच्या रशियन क्लबने तिला पैसे दिले! आपल्याकडे केरळची गीतू अ‍ॅना जोस रेल्वेतील नोकरी सांभाळून ऑस्ट्रेलियात रिंगवूड हॉक्स संघाकडून खेळली. पुण्याच्या शिरीन लिमये हिने भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले. पंजाबच्या सतनाम सिंगची २०१५ मध्ये एन.बी.ए.साठी निवड झाली तेव्हा देशभर आनंद झाला. तो कॉलेजात न जाता थेट तेथे पोहोचला होता. मुख्य लीगमध्ये मात्र त्याला एकही सामना खेळायला मिळाला नाही आणि काही वर्षांनी तो व्यावसायिक कुस्तीच्या आखाड्यात उतरला.

हे सर्व दूरचे वाटत असेल, तर शेजारच्या चंदगड तालुक्याकडे पाहू. तेथल्या सिद्धार्थ देसाईने २०१८ मध्ये प्रो कबड्डीत पदार्पण केले आणि २०१९ च्या लिलावात त्याच्यावर एक कोटी पंचेचाळीस लाखांची बोली लागली. आपल्या मुलांना हा आकडा तोंडपाठ आहे. पण २०२१-२२ च्या हंगामात दुखापतीमुळे त्याला बहुतेक सामने बाहेर बसून काढावे लागले, हे किती जणांना ठाऊक आहे? कष्टाळू, गुणी खेळाडूवरही अशी वेळ येते. अशा वेळी हाताशी दुसरे काही असावे, एवढीच आमची चिंता आहे.

म्हणून दोन्ही मागण्यांस आमचे उत्तर 'नाही' असे आहे. दहावीचा खेळाचा तास चालू राहील. जो मुलगा वर्षभर मैदानावर उतरला नाही, त्याला केवळ चाळीस मिनिटे जादा गणित देऊन एस.एस.एल.सी.चे गुण वाढत नसतात. तसेच खेळाडू विद्यार्थ्यास वर्गातून कायमची सूट मिळणार नाही. स्पर्धेसाठी गेला, तर ती रजा त्याच्या हक्काची. परंतु परत आल्यावर बुडालेला प्रत्येक धडा भरून काढणे त्याच्यावर बंधनकारक राहील.

हे नुसते बोलून होणार नाही. स्पर्धा बहुधा सत्राच्या ऐन मध्यावर येतात आणि परतलेल्या मुलाला शिकवणार कोण, हा प्रश्न उरतो. विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे की, अशा जादा तासांसाठी शिक्षकांना मानधन मंजूर करावे. नव्या खोल्यांचा विचार होईल तेव्हा मैदानाचा कोपरा त्यातून वगळावा. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपल्या माजी विद्यार्थ्याला हेलसिंकीला पाठवण्यासाठी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. १९५२ मध्ये त्या विद्यार्थ्याने, खाशाबा जाधवांनी, स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. आमची मागणी त्यामानाने फारच लहान आहे.

पालकांनी मुलाची गुणपत्रिका आणि त्याचे बूट, दोन्हींकडे सारख्याच आस्थेने पाहावे. आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्यातला एखादा उद्या इटलीत वा ऑस्ट्रेलियात खेळेलही. त्याचा करार एका हंगामाचा असेल. तो वाचून, समजून, मगच सही करण्याइतके शिक्षण त्याने याच शाळेतून घेऊन जावे.

आपला,
मुख्याध्यापक