विशारद आणि आठवी ‘ब’

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात गाणे शिकायचे तर फार पायपीट करावी लागत नाही. सोसायटीच्या फाटकावर हार्मोनियम-तबल्याच्या क्लासची पाटी असते, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसणारी मुले दर इमारतीत एखाददुसरी निघतात, आणि सकाळच्या लोकलमध्ये टाळ वाजवत मुंबईला निघालेले भजनी मंडळही भेटते. उल्हासनगरच्या कॅम्पांत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या माणसांनी आपली भगत या गायनप्रकाराची परंपरा बरोबर आणली. एप्रिल आला की तिन्ही गावांत भीमगीतांचे स्टेज उभे राहतात. 2011च्या जनगणनेत या तीन गावांची लोकसंख्या मिळून सव्वानऊ लाखांवर होती, म्हणजे ऐकणाऱ्या कानांचीही वाण नाही.

अशा ठिकाणी मंडळाच्या परीक्षा देत विशारद झालेल्या एखाद्या मुलीने ठरवले की आपल्याला हायस्कूलमध्ये संगीत शिक्षिका व्हायचे आहे, तर तिने नेमके काय करायचे? या साध्या प्रश्नाला साधे उत्तर नाही.

मुलीला चित्रकलेची आवड असती तर वाट ठरलेली होती. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा, पुढे एटीडी म्हणजे आर्ट टीचर डिप्लोमा, आणि मग शाळेत चित्रकला शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज. परीक्षाही सरकारच्या कला संचालनालयाची आणि शिक्षक घडवणारा अभ्यासक्रमही त्याच घरचा. जागा किती भरतात हा भाग निराळा, पण शिकवण्याचे वेगळे शिक्षण लागते हे महाराष्ट्राने चित्रकलेच्या बाबतीत फार पूर्वी मान्य केले. संगीताच्या बाबतीत मात्र समज अशी की ज्याला गाता येते त्याला शिकवता येणारच.

ही समज किती फसवी आहे ते आठवी ‘ब’च्या वर्गात पाच मिनिटांत कळते. पन्नास-साठ मुले, पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास, बाके हलवता येत नाहीत, आणि शेजारच्या वर्गात गणिताची चाचणी चाललेली. बाईंची पट्टी काळी चार. मुली त्यात आरामात गातात, ज्यांचा आवाज अजून फुटला नाही ती मुलेही गातात. पण मागच्या बाकांवरच्या ज्यांचा आवाज नुकताच फुटला आहे, त्यांना अंतरा वर झेपत नाही आणि सप्तक खाली घेतले तर गळ्यातून घरघर येते. मग ती मुले गप्प होतात किंवा मुद्दाम बेसूर ओरडतात. बाई म्हणतात, मुले वात्रट आहेत. खरे तर गाण्याची पट्टी बदलायला हवी होती, किंवा त्या मुलांना चार स्वरांत बसणारी वेगळी ओळ द्यायला हवी होती, नाहीतर काही आठवडे लयीचे काम, हाताने ताल, बाकावर ठेका. हे कोणत्या परीक्षेत शिकवतात? प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा होतात. त्यांत राग आहेत, ताल आहेत, भातखंडे आणि पलुस्कर लिपी आहे, ग्रंथकारांची माहिती आहे. तेरा वर्षांच्या मुलाचा फुटणारा आवाज त्यांत नाही. त्या परीक्षा एकेका गळ्याच्या तयारीसाठी आहेत, त्यामुळे त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दोष आहे तो त्यांच्यावर न पेलणारे ओझे टाकण्यात.

गंमत अशी की शिक्षक घडवायचा विचार याच परंपरेच्या मुळाशी होता. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि तिथे उपदेशक वर्ग चालवला. राहण्याजेवण्याची सोय विद्यालयाची, आणि वर्षानुवर्षांच्या करारावर मुले तयार करायची, ती कशासाठी, तर त्यांनी गावोगाव जाऊन संगीत शिकवावे म्हणून. कोवळ्या विद्यार्थ्यांसाठी ‘संगीत बालप्रकाश’सारखी क्रमिक पुस्तकेही त्यांनी लिहिली. विनायकबुवा पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, बा. र. देवधर ही त्यांची शिष्यमंडळी. तिघेही मोठे गवई तर होतेच, पण पुढे पुण्यात, बनारसला आणि मुंबईत तिघांनीही संस्था उभ्या केल्या किंवा चालवल्या. हंगेरीत संगीतकार झोल्तान कोदाय यांच्या विचारांवर केचकेमेतला रोज गाण्याचा तास असलेली शाळा 1950 साली सुरू झाली, आणि आज जगभरचे शिक्षक ती पद्धत शिकायला तिथे जातात. आपल्याकडचा प्रयत्न त्याच्या अर्धशतक आधीचा. 1931 साली पलुस्कर गेले, शिष्यांनी त्याच वर्षी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले, परीक्षांचे जाळे देशभर पसरले. उपदेशक वर्गाचा धागा मात्र शाळांपर्यंत आला नाही.

आजची कागदावरची स्थिती तर बुचकळ्यात टाकणारी आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी, पटसंख्या शंभरावर असेल तर, कलाशिक्षणाला अंशकालीन निदेशक द्यावा असे म्हटले आहे. अंशकालीन, आणि तोही आठवीपर्यंतच. नववी-दहावीला ‘स्व-विकास व कलारसास्वाद’ असा श्रेणी विषय आला, बालभारतीचे पुस्तकही निघाले. पुस्तक शिकवायचे कोणी, याचे उत्तर बहुतेक शाळांत ज्याचे तास कमी पडतात त्याच्या वेळापत्रकात सापडते. 2023 साली राजा बढे यांचे गीत राज्यगीत झाले आणि शाळेत रोजच्या परिपाठात ते असावे असे ठरले. श्रीनिवास खळ्यांची ती चाल मुलांकडून बसवून घ्यायला कोणी नसले की ध्वनिवर्धकाला मोबाइल जोडला जातो आणि मुले रांगेत उभी राहून ऐकतात.

पक्की नोकरी हवी तर केंद्राच्या शाळांकडे पाहावे लागते. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत केंद्रीय विद्यालय आहे. केंद्रीय विद्यालय संघटनेत संगीत शिक्षकाचे पद असते, पण ते प्राथमिक विभागातले, आणि त्यासाठी संगीतातील पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता लागते. ती पदवी घ्यायला मुंबई विद्यापीठ किंवा एसएनडीटी गाठायचे, म्हणजे बदलापूरहून सीएसएमटीपर्यंतच अडुसष्ट किलोमीटर लोकल, तीही गर्दीच्या वेळची. तंबोरा घेऊन चढण्याचा विचार कोणी करू नये.

आणि बी.एड.? 2015पासून तो दोन वर्षांचा झाला. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या आराखड्यात ‘शिक्षणातील नाट्य आणि कला’ असा एक भाग आहे, पण तो गणिताच्या आणि इतिहासाच्या भावी शिक्षकांना कलेची तोंडओळख करून देण्यासाठी. अध्यापन पद्धती निवडताना मराठी, विज्ञान, भूगोल असे पर्याय समोर येतात, संगीत सहसा येत नाही. याच परिषदेने 2014च्या नियमांत प्रयोगजीवी कलांच्या शिक्षकांसाठी दोन वर्षांची स्वतंत्र पदविका नमूद केली होती. नियम आहेत, निकष आहेत, पण उल्हास नदीच्या काठावर तशी पदविका देणारी पाटी दिसत नाही.

काही जण म्हणतील, नोकऱ्याच नाहीत तर प्रशिक्षण कशाला? आक्षेप अगदीच पोकळ नाही. आधी पदे की आधी माणसे, या वादात आजवर सोय झाली ती फक्त सरकारची. प्रशिक्षित उमेदवार नाहीत म्हणून पद नाही, आणि पद नाही म्हणून अभ्यासक्रम नाही. पण खासगी शाळा, विशेषतः इंग्रजी माध्यमाच्या, संगीत शिक्षक आजही नेमतात. त्यांना स्वागतगीत आणि गॅदरिंग पार पाडणारा माणूस हवा असतो, आणि जूनपासून डिसेंबरपर्यंत तो तेच करतो. आवाज चांगले असलेली वीस मुले निवडायची, समूहगीत बसवायचे, उरलेल्या चारशे मुलांनी टाळ्या वाजवायच्या. प्रशिक्षण असते तर निदान त्या चारशेंचे काय करायचे हे त्या शिक्षकाला ठाऊक असते, आणि मुख्याध्यापकांसमोर ते ठामपणे मांडताही आले असते.

इंग्लंडमध्ये माध्यमिक शाळेत संगीत शिकवू पाहणाऱ्या पदवीधराला साधारण वर्षभराचे प्रशिक्षण घ्यावे लागते, आणि त्यातला मोठा काळ प्रत्यक्ष शाळांत, तोही एकाहून अधिक शाळांत काढावा लागतो. आपल्या बी.एड.लाही दुसऱ्या वर्षी सोळा आठवड्यांची छात्रसेवा आहे, म्हणजे सांगाडा तयार आहे. उल्हासनगरात सेवासदनचे शिक्षणशास्त्र महाविद्यालय आहे. मुंबई विद्यापीठाने संगीत ही अध्यापन पद्धती म्हणून मान्य केली आणि विशारद किंवा त्यापुढची अलंकार परीक्षा झालेल्या पदवीधरांना ती निवडता आली, तर सुरुवातीला नव्या इमारतीचीही गरज नाही. छात्रसेवेसाठी लागणाऱ्या मराठी, सिंधी, हिंदी, इंग्रजी अशा सगळ्या माध्यमांच्या मुलांच्या शाळा विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंत चार स्टेशनांच्या आत आहेत. मार्गदर्शनासाठी गावातलेच बुजुर्ग तबलजी, भजनी बुवा आणि भगत गाणारे बोलावता येतील, मात्र तासाचे मानधन ठरवून आणि ते वेळेवर देऊन.