सेस्टर्शियसवरची खेचरे

रोमची जुनी ब्राँझ नाणी साच्यात ओतून केली जात. त्यांतले प्रमुख नाणे ‘आस’. इ.स.पू. तिसऱ्या शतकात त्याच्या एका बाजूला दोन तोंडांचा जेनस देव आणि दुसऱ्या बाजूला जहाजाची नाळ, ही जोडी रूढ झाली. छापा-काटा करताना रोमची मुले ‘डोकी की जहाजे’ असे ओरडत. लहान नाण्यांचे मोल ठिपक्यांनी कळे: हर्क्युलिसजवळ तीन, मर्क्युरीजवळ दोन. अक्षरओळख नसलेल्यालाही ते मोजता येई.

इ.स.पू. २३च्या सुमारास ऑगस्टसने ही नाणी नव्याने बेतली. आस तांब्याचे झाले. चार आसांचे सेस्टर्शियस पितळेचे. सुमारे २५ ग्रॅम वजनाच्या या रुंद चकतीवर कोरणाऱ्याला जी मोकळीक मिळाली, ती सोन्याचांदीच्या नाण्यांनी कधीच दिली नाही. संग्राहकांची पहिली नजर सोन्याकडे जाते. रोमन राजवट प्रजेशी काय बोलत होती, ते मात्र पितळेवर अधिक स्पष्ट वाचता येते. नीरोच्या सेस्टर्शियसवर ऑस्टियाचे बंदर आहे, वरून पाहिल्यासारखे, गलबतांनी भरलेले. टायटसच्या नाण्यावर नवे कोलोसियम प्रेक्षकांसह दिसते. व्हेस्पेशियनने जेरुसलेम पडल्यावर काढलेल्या नाण्यांवर खजुराच्या झाडाखाली शोक करणारी स्त्री बसली आहे, म्हणजे जिंकलेला ज्यूडिया. कलाकुसर उत्तम, पण हरलेल्यांचे दुःख हाच इथे विजयाचा डंका आहे, आणि तो निर्दय आहे.

याउलट इ.स. ९७मधले नर्व्हाचे नाणे. त्यावर देव नाही, सैनिक नाही. दोन खेचरे चरत आहेत आणि मागे जुंपणी सोडलेली, दांड्या वर केलेली गाडी उभी आहे. सरकारी टपाल-वाहतुकीचा बोजा इटलीच्या गावांवरून उठवल्याची ही घोषणा. करमाफी इतक्या साधेपणाने सांगणारे दुसरे नाणे रोमच्या टाकसाळीतून क्वचितच निघाले असेल.

तिसऱ्या शतकात चांदीचा कस घसरला, भाव चढले आणि सेस्टर्शियस बंद पडले. डायोक्लेशियनने २९४च्या सुमारास चांदीचा अंश मिसळलेले मोठे ब्राँझ नाणे आणले. तेही लवकरच रोडावले. कॉन्स्टंटाइनच्या काळात इवल्याशा नाण्यांवर रोम्युलस-रीमसला पाजणारी लांडगी उमटली. ३४८पासून ल्यों ते अलेक्झांड्रिया अनेक टाकसाळी एकच दृश्य पाडू लागल्या: घोड्यावरून कोसळणारा शत्रू आणि त्याच्यावर भाला रोखलेला रोमन शिपाई.