पिंपरीची पुडी आणि आमचा पंप



कपाशीच्या पानावर काळे कोनदार डाग दिसले की आपण दुकानातून स्ट्रेप्टोसायक्लिनची 6 ग्रॅमची पुडी आणतो. 10 लिटर पाण्याला 1 ग्रॅम, सोबत 25 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड. हे प्रमाण आम्ही घरी बसून काढलेले नाही, कृषी विद्यापीठांच्या शिफारशीत ते छापलेले आहे. पुडीत काय असते? 90 टक्के स्ट्रेप्टोमायसिन, 10 टक्के टेट्रासायक्लिन. म्हणजे क्षयाच्या रोग्याला टोचायचे औषध आपण पऱ्हाटीवर फवारतो.

डिसेंबर 2021 मध्ये दिल्ली सरकारने शेतीतला हा वापर 2024 पासून पूर्ण थांबवण्याचा मसुदा काढला. कारण खोटे नाही. माती-पाण्यातले जंतू औषधाला सरावतात आणि तो गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातो. जगातल्या क्षयरोग्यांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे, आणि क्षय बंगल्यापेक्षा झोपडीत जास्त शिरतो. औषध निकामी झाले तर मरण आपल्याच घरचे. म्हणून पुडी वाचवा, असे आम्ही म्हणणार नाही.

पण दोष कोणाच्या माथी? सरकारी नोंदणीत या औषधाला आठच पिकांची परवानगी होती. भात, बटाटा, टोमॅटो, सफरचंद वगैरे. कापूस त्यात नाही! विद्यापीठ फवारा म्हणते, कागद नाही म्हणतो, आणि अडाणी ठरतो शेतकरी.

ही पुडी ज्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सने बनवली, तो पिंपरीचा कारखाना 1954 साली सरकारने काढला. तिथले संशोधन वनस्पतिरोगांचे जाणकार डॉ. थिरुमलाचार यांच्या हाती होते. मातीतल्या एका जंतूपासून तिथे माणसाच्या बुरशीरोगांवर हामायसिन निघाले, त्या जंतूला नावच पिंपरीवरून 'पिंपरिना' दिले. पिकांसाठी ऑरिओफंगिन निघाले. कणसात ज्वारी काळी पडू नये म्हणून कॅप्टनबरोबर ते फवारायची शिफारस होती. झाडाचा वैद्य आणि माणसाचा वैद्य एकाच छपराखाली बसत होते. डिसेंबर 2016 मध्ये मंत्रिमंडळाने काय ठरवले? कारखान्याची जादा जमीन विकून देणी भागवा, मग कारखानाही विका. पिंपरी ते चाकण मोटारींचे कारखाने उभे आहेत, तिथे जमिनीला भाव आहे. प्रयोगशाळेला कोण विचारतो?

औषधाशिवाय वाट नाही असेही नाही. आपली देशी कपाशी या करप्याला सहसा दबत नाही. तिचा हा गुण परक्या कपाशीत उतरवण्याचे काम सुदानमध्ये 1940 च्या सुमारास झाले होते. कोरडवाहूच्या बियाण्यात तो गुण तपासून, पाकिटावर लिहून का मिळत नाही?

बैठकीला कृषी अधिकारी आले की त्यांना दोनच गोष्टी विचारायच्या. पुडीऐवजी काय, ते लेखी द्या. आणि करप्याला तोंड देणारे बियाणे कोणते, त्याचे नाव सांगा.