परिपत्रक आधी फलकावर

शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये सुरू झाले, तेव्हा सूचना फलकावर लागायची. आज ती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडते. टाळेबंदीत चंदगड, गगनबावड्यातल्या मुलांना या ग्रुपचा आधार होता, हे मान्यच. पण ‘परीक्षा पुढे ढकलली’ असा, जावक क्रमांक नसलेला, सही अर्धवट कापलेला फोटो रात्री अकराला फिरतो आणि एसटीच्या पासवर येणारी मुलगी सकाळी घरीच थांबते. तिचा पेपर बुडाला तर जबाबदार कोण? २०१९ मध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने विद्यार्थ्यांची समाजमाध्यमांवरील खाती संस्थांच्या खात्यांशी जोडायला सांगितले होते. त्याहून अधिक निकड आहे ती संस्थांनी स्वतः वेळेवर बोलण्याची. महाविद्यालयांनी प्रत्येक परिपत्रक आधी संकेतस्थळावर आणि फलकावर लावावे, मगच त्याची लिंक ग्रुपवर टाकावी.