चिमूरच्या प्रकरणातील कोरी जागा

बेचाळीसच्या लढ्याचा इतिहास महागावसारख्या तालुक्याच्या गावी कार्यकर्त्याच्या हाती पडला, की तो बहुधा चिमूर-आष्टीचे प्रकरण आधी उघडतो. हे स्वाभाविक आहे. ही गावे विदर्भातली, आणि या प्रकरणातील एक प्रमुख नाव तर यवतमाळ जिल्ह्यातलेच. परंतु अभिमानाने उघडलेले हे प्रकरण नुसत्या अभिमानाने मिटता येत नाही.

१६ ऑगस्ट १९४२ हा नागपंचमीचा दिवस. चिमूरला पोलिसांनी गोळीबार केला. बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा त्यात बळी पडला. संतप्त जमावाने उपविभागीय अधिकारी व नायब तहसीलदार यांच्यासह सरकारी नोकरांना ठार मारले. ही गोष्ट झाकण्याचे कारण नाही. ती झाकणारा वाचक पुढील पाने वाचण्याचा अधिकार गमावतो. १९ ऑगस्टला गोरे सोजीर गावात शिरले. पुरुषांची धरपकड झाली, घरे लुटली गेली आणि मागे राहिलेल्या स्त्रियांवर बलात्कार झाले.

या दोन अपराधांची नोंद कशी झाली, ते पाहावे. अधिकाऱ्यांच्या हत्येचा खटला चालला, साक्षी झाल्या, फाशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या. अनसूयाबाई काळे यांच्यासारख्यांनी चिकाटीने चळवळ केली, तेव्हा कुठे १९४५ मध्ये उरलेल्या फाशीच्या शिक्षा जन्मठेपेवर आल्या. सरकारने १९४३ मध्ये दंगलींची जबाबदारी काँग्रेसवर टाकणारे पुस्तकच छापले. स्त्रियांच्या वाट्याला मात्र साधी चौकशीही आली नाही. नागपूरहून स्त्रिया चिमूरला गेल्या, त्यांनी हकिकती ऐकल्या, डॉ. मुंजेही जाऊन आले. सरकारचे उत्तर एकच : चौकशीची आवश्यकता नाही.

सेवाग्रामचे प्रा. जयकृष्ण भन्साळी या एका मागणीसाठी दिल्लीला गेले आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य लोकनायक बापूजी अणे यांच्या दारी बसले. अणे वणीचे. त्यांनाही ही चौकशी घडवून आणता आली नाही. भन्साळींना पकडून परत पाठवण्यात आले. तरी त्यांचे उपोषण ६३ दिवस चालले आणि १२ जानेवारी १९४३ रोजी सुटले. या उपोषणाच्या बातम्यांवर बंदी होती. तिच्या निषेधार्थ ६ जानेवारीला देशातील अनेक वृत्तपत्रांनी आपला अंक बंद ठेवला. बंदी उठली; स्वतंत्र चौकशी मात्र झाली नाही.

म्हणून इतिहासग्रंथात आज अधिकाऱ्यांची नावे हुद्द्यासह सापडतात; चिमूरच्या स्त्रिया मात्र 'आरोप' या शब्दाआड उभ्या राहतात. यात सारा दोष इतिहासकाराचा नव्हे. ज्या जबान्या सरकारने घेतल्याच नाहीत, त्या तो कुठून आणणार? पुराव्याचा अभाव हा येथे योगायोग नव्हता. तो हुकमाने निर्माण केलेला होता. युद्धकाळातील सत्तेला अत्याचार करण्याइतकेच त्याची नोंद रोखणेही साधते.

आणि हे केवळ परकीय सत्तेचेच लक्षण होते काय? त्याच चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, १९७२ साली मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. स्वराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपी पोलिसांना सोडून दिले. तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, हे त्यामागील एक कारण होते. स्त्री-संघटना रस्त्यावर उतरल्या, तेव्हा १९८३ मध्ये कायदा बदलला. सत्ता बदलली तरी पीडितेकडेच पुरावा मागण्याची रीत आपोआप बदलत नाही.

चिमूरच्या त्या स्त्रियांची साक्ष आता कोणालाही नव्याने नोंदवता येणार नाही. ऐंशीहून अधिक वर्षे लोटली आहेत. परंतु या वाचनातून कार्यकर्त्याने एवढे तरी शिकावे, की इतिहास पुढे कोणीतरी लिहील हा भरवसा फसवा आहे. जबानी त्याच आठवड्यात घ्यावी लागते, चौकशीची मागणी त्याच महिन्यात लावून धरावी लागते, आणि बातमी दाबली गेली तर त्या दडपशाहीचीही नोंद ठेवावी लागते. अभ्यासवर्गात हे प्रकरण वाचताना हुतात्म्यांना वंदन जरूर करावे. परंतु ज्यांचे नाव पुस्तकात नाही, त्यांचे नाव का नाही, हा प्रश्न विचारल्याशिवाय पान उलटू नये.